तीनशे साठच्या पारंब्या

जेवणं आटोपली आणि लेकीने गणिताची वही माझ्यापुढे आदळली. आदळलीच, आमटीच्या भांड्यावरचं झाकण वाजलं. गृहपाठ होता ३६० चे मूळ अवयव पाडण्याचा. तिने झाड काढलं होतं. वर ३६०, त्याच्या खाली दोन फांद्या, एकीला ३६ लटकलेले, दुसरीला १०. छत्तीसच्या खाली ६ आणि ६. दहाच्या खाली २ आणि ५. दोन्ही सहांच्या खाली २ आणि ३. जिथे पुढे तुटेना तिथे पेन्सिलीने गोल केलेला. तीन दोन, दोन तीन आणि एक पाच. नीटनेटकं काम. आणि त्या सगळ्यावरून तिरपी गेलेली लाल फुली. शेजारी एकच शब्द: ‘पद्धत?’

बाईंनी फळ्यावर शिकवलेली पद्धत म्हणजे सगळ्यात लहान मूळ संख्येपासून सुरुवात. तीनशे साठला दोनने भागा, आले १८०. पुन्हा दोनने, ९०. पुन्हा दोनने, ४५. आता दोन चालत नाही, म्हणून तीन: १५. पुन्हा तीन: ५. संपलं. लेकीने एकदम छत्तीस आणि दहा असे दोन तुकडे केले, कारण, तिच्या शब्दांत, ‘ते दिसतातच ना समोर!’

“उत्तर तेच आलंय ना, आई? मग?”

मी तिची बाजू घेणारच होते. बाईंचाही राग येत नव्हता. पन्नास-साठ वह्या तपासायच्या तर सगळ्यांच्या एका साच्यात असलेल्या बऱ्या, हे मला कळतं. पण तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. “तेच का आलं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही. कारण मलाही माहीत नव्हतं. शाळेत असताना मी शेकडो संख्यांचे अवयव पाडले असतील, पण कुठूनही तोडायला लागलं तरी तळाशी तीच मंडळी का सापडतात, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तेच येणार, त्यात काय!

खरं म्हणजे मला तेव्हा प्रश्नापेक्षा भीती जास्त होती, आणि तीही शब्दाची. विज्ञानाच्या तासाला शरीराचे अवयव: डोळे, कान, हात, पाय. घंटा व्हायची, गणिताचे सर यायचे आणि फळ्यावर लिहायचे, ‘खालील संख्यांचे अवयव पाडा.’ मराठीत आपण काय काय पाडतो बघा. दगड मारून कैऱ्या पाडतो, जुना वाडा पाडतो, बाजारात भाव पाडतो, निवडणुकीत उमेदवार पाडतो, भांडणात तर थेट मुडदाच पाडतो. त्या यादीत हे अवयव. बिचारी ७२ ही संख्या मला हातपाय तोडून ठेवल्यासारखी दिसायची. आमच्या वेळी झाडबिड नव्हतं. उभी रेघ मारायची, डावीकडे भाजक, उजवीकडे उरलेलं, आणि एकेक पायरी खाली उतरत एकपर्यंत यायचं. शिडीच ती. शिडीवरून उतरताना माणूस फक्त पुढची पायरी बघतो, इकडेतिकडे बघत नाही. झाडाचं तसं नाही. झाड बघितलं की पहिला प्रश्न हाच, की कुठल्या फांदीवरून जाऊ?

पण हे झाड उलटं आहे, खाली वाढणारं. लेकीला त्याचं काही वाटत नाही, मला मात्र सारखं खटकत होतं. खोड वर, फांद्या खाली, आणि ज्यांना गोल करायचे त्या टोकांना पानं म्हणावं की फळं? मग एकदम लक्षात आलं की मराठीत त्यांचं नाव आधीच ठरलेलं आहे. मूळ संख्या. इंग्रजीतल्या प्राइम या शब्दात पहिलेपणाचा, अव्वलपणाचा थाट आहे. आपण म्हणतो मूळ. मूळ गाव, मूळ पुरुष, मूळ मुद्दा. मुळं खालीच असणार! आणि वरून खाली येणारी मुळं आपण सगळ्यांनी बघितलेली आहेत. माहेरच्या शाळेमागे एक वड होता आणि मधल्या सुट्टीत आम्ही त्याच्या पारंब्यांना लोंबकळायचो. पारंबी म्हणजे फांदीला फुटलेलं मूळच. ते खाली खाली येतं आणि जमिनीला टेकलं की थांबतं. ३६० हा वड, आणि पुढे तुटत नाही तिथे पारंबी जमिनीला टेकली. लेकीला सांगितलं तर म्हणाली, “मग वर्गमूळ?” तो वेगळाच घोळ आहे आणि तो मी तिथेच सोडला.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. संख्यांच्या बाबतीत मात्र रात्री साडेदहापर्यंत आम्ही तेच करत बसलो. ३६० म्हणजे १८ × २०. खाली उतरलो: दोन, तीन, तीन आणि दोन, दोन, पाच. ३६० म्हणजे ८ × ४५: दोन, दोन, दोन आणि तीन, तीन, पाच. ९ × ४०, १२ × ३०, १५ × २४. झाडांचे आकार निराळे, एक डावीकडे कललेलं, एक भरगच्च, एक बाईंचं सरळसोट. पण तळ गोळा केला की तेच सहा जण. लेक म्हणाली, “कंटाळा आला, तेच येतं.” तेच येतं याचा कंटाळा येण्याइतकी खात्री तिला पाच झाडांत झाली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबे उघडले तेव्हा मी हे बोलून दाखवलं. आमच्याकडे एकजण गणितात एमएस्सी करून कर्जखात्यात बसलेला आहे. त्याच्याशी गेल्या आठ वर्षांत माझं बोलणं फक्त थकीत हप्त्यांवर झालेलं. तो एकदम खुलला. डब्याखालच्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहायला लागला. म्हणाला, “मॅडम, एक गाव घ्या. या गावात फक्त सम संख्या राहतात. दोन, चार, सहा, आठ. विषमाला गावबंदी. आता या गावात ६० चे अवयव पाडा.”

मी पाडले. ६ × १०. सहाचे पुढे तुकडे करायचे तर २ × ३, पण तीनला गावबंदी. दहाचे २ × ५, पाचलाही गावबंदी. म्हणजे या गावच्या दृष्टीने सहा आणि दहा दोघंही मूळ रहिवासी. झाड संपलं.

“आता दुसरीकडून जा.”

२ × ३०. दोन तुटत नाही. तीस? दोन पंधरा, पण पंधरा गावाबाहेरचे. तीन दहा, पाच सहा, काही केलं तरी एक विषम येतोच. तीसही मूळ.

एका झाडाच्या तळाशी सहा आणि दहा. दुसऱ्याच्या तळाशी दोन आणि तीस. वरची संख्या तीच, साठ. मी घास हातात धरून बसले. म्हणजे ‘तेच येणार, त्यात काय’ हे खोटं होतं! नियम तोच, तोडण्याची पद्धत तीच, फक्त गाव बदललं आणि तळ वेगळा आला. आपल्या नेहमीच्या संख्यांत तो वेगळा येत नाही, तर त्याला काहीतरी कारण असलं पाहिजे.

कारण त्याने पोळी संपायच्या आत सांगितलं, आणि ते मला अजून पुरतं आहे. सहा घ्या. ४ × ९ म्हणजे ३६, आणि छत्तीसला सहाने भाग जातो. पण चारला सहाने भाग जात नाही, नऊलाही नाही. मग सहा आला कुठून? अर्धा चारमध्ये लपला होता, दोन बनून. अर्धा नऊमध्ये, तीन बनून. संयुक्त संख्या अशी वाटून लपू शकते. मूळ संख्येला हे जमत नाही. गुणाकाराला पाचने भाग जात असेल तर गुणणाऱ्या दोघांपैकी एकाकडे पाच अख्खा असणारच. म्हणून तुम्ही तीनशे साठ कुठूनही तोडा, तो पाच डावीकडे जाईल नाहीतर उजवीकडे, पण जाईल सगळाच, आणि शेवटी तळाशी पाच म्हणूनच उतरेल. दोन्ही तीनांचं आणि तिन्ही दोनांचं तेच. हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराला लिहून ठेवलं होतं. पण ‘कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात’ हे पूर्ण विधान आणि त्याची काटेकोर सिद्धता यायला १८०१ उजाडलं. ती जर्मन गणिती गाउसची, तेव्हा वय वर्षं चोवीस. सम गावात दोन आणि तीस यांच्यात सहा कसा लपतो ते शोधायचं काम त्याने मला गृहपाठ म्हणून दिलं आणि तो हात धुवायला गेला.

(एकला मूळ संख्या का म्हणत नाहीत तेही यात आलं. म्हटलं तर कुठल्याही फांदीला एक, आणखी एक, आणखी एक असे लोंबकळवत बसता येईल. पारंबी जमिनीला टेकणारच नाही.)

रविवारी अण्णांना फोन केला तेव्हा लेकीने त्यांना फुलीची तक्रार सांगितली. अण्णा ऐंशीचे. चाळीस वर्षं सराफी पेढीवर हिशेब लिहिले त्यांनी, आणि त्यांच्या डोक्यातली गणितं अजून पावकी-निमकीतच चालतात. त्यांना मूळ अवयव वगैरे शब्द आठवत नव्हते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “म्हणजे कशाचे किती वाटे बिनबोभाट पडतात, ते ना?”

एवढ्या वर्षांत माझ्या एकाही पुस्तकाने हे असं सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी तिला तोळा सांगितला. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. इकडे लेक झाड काढत होती: ९६ म्हणजे पाच दोन आणि एक तीन. त्यांच्या आईचं आठ तोळे सोनं तिघी सुनांत वाटलं गेलं तेव्हा प्रत्येकीला दोन तोळे आठ मासे आले आणि एक गुंजही इकडची तिकडे झाली नाही, हे त्यांनी असं सांगितलं की जणू काल वाटणी झाली. “तो एक तीन आहे ना तुझ्या झाडात, त्याने भांडण वाचवलं.”

रुपयाचंही तसंच. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैचा आणा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. सहा दोन आणि एक तीन. तिघा भावांत रुपया वाटायचा तर प्रत्येकी पाच आणे चार पै, चोख. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर झाले. अण्णा तेव्हा बारा वर्षांचे. शंभरचं झाड म्हणजे दोन, दोन, पाच, पाच. तीन गायब! तेहतीस, तेहतीस, तेहतीस, आणि उरलेला एक पैसा कोणाचा? “आणि वर गंमत म्हणजे,” अण्णा म्हणाले, “शंभराऐवजी हजार करा, लाख करा, तीन काही येत नाही.” हे मात्र मी कधी असं बघितलं नव्हतं. शून्य वाढवणं म्हणजे दर वेळी एक दोन आणि एक पाच वाढवणं. कितीही शून्यं लावा, त्यातून तीन उगवणार नाही. शाळेत आपण एक छेद तीनचा भागाकार करत जातो आणि ०.३३३३ संपतच नाही, ते याचसाठी. एक छेद आठ संपतं, कारण आठात नुसते दोन आहेत.

लेक लगेच जुन्याच्या बाजूने झाली. जुना रुपयाच चांगला होता म्हणे. मी तिला म्हटलं, मग तो पाच जणांत वाट. प्रत्येकी तीन आणे दोन पै दिल्या आणि दोन पै उरल्या. पांडवांची पंचाईत झाली असती. नव्या रुपयाने तिघा भावांना दुखावलं आणि पाचांना खूश केलं, एवढाच हिशेब. मला विचाराल तर दोन्ही गटांना सांभाळणारी संख्या कालगणनावाल्यांनी धरली होती. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं. साठात दोन, दोन, तीन, पाच, सगळे. आमचे तीनशे साठ म्हणजे त्याच घरातले आणखी सधन भाऊ. एकपासून दहापर्यंत सातखेरीज सगळ्यांनी भाग जातो. एकूण विभाजक चोवीस, आणि तेही झाडावरूनच मोजता येतात: दोन घ्यायचे तर शून्य ते तीन, म्हणजे चार तऱ्हा, तीनाच्या तीन तऱ्हा, पाचाच्या दोन. चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस. वर्तुळाला ३६० अंश पडले ते उगाच नाही. आणि वर्षाचे दिवस मात्र ३६५, म्हणजे ५ × ७३. त्र्याहत्तरशी कोणाचंच जमत नाही. सातशी तर नाहीच. म्हणून वाढदिवस दर वर्षी वार बदलतो.

फोन ठेवता ठेवता अण्णांना कापरेकर मास्तर आठवले. माझं माहेर नाशिक रोडचं, देवळाली जवळच. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक होते. जन्म डहाणूचा, १९०५ चा. संख्यांशी खेळायचे, खेळत खेळत शोध लावायचे, आणि बरेच दिवस इथल्या विद्वानांनी त्यांना फारसं मोजलं नाही. १९७५ मध्ये, म्हणजे मी जन्मले त्या वर्षी, मार्टिन गार्डनर या गणिती कोडी लिहिणाऱ्या लेखकाने अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे जगाला ते कळले.

त्यांचा ६१७४ अनेकांना माहीत असेल. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा. आलेल्या संख्येचं पुन्हा तसंच. जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो. आम्ही जन्मसालं घेतली. अण्णांचं १९४५: ९५४१ वजा १४५९, ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. तीन पावलांत म्हातारा घरी. माझं १९७५: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सहा पावलं. लेकीचं २०१४: पहिल्या पावलाला ४०८६, दुसऱ्याला ८१७२, आणि मग ती ओरडलीच, कारण इथून पुढे तिचा रस्ता तोच होता जो माझा. एक पाऊल मागून ती माझ्याच वाटेने चालत शेवटी सातव्या पावलाला पोचली.

मग ६१७४ चंच झाड काढायचं ठरलं. मी ४२ × १४७ ने सुरुवात केली, तिने ६३ × ९८ ने. (ती कुठून हे तुकडे शोधते देव जाणे.) दोघींच्या तळाशी एक दोन, दोन तीन आणि तीन सात. इतकं देखणं झाड मी बघितलं नव्हतं. त्यात आणखी एक आहे. ६, १, ७, ४ यांची बेरीज अठरा, आणि ६१७४ ला अठराने पूर्ण भाग जातो. उरतो ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं होतं हर्षद. आनंद देणारी. तुसड्या म्हणून बदनाम असलेल्या गणितात असं नाव ठेवणारा माणूस देवळालीत सायकली आणि भाजीवाल्यांच्या गर्दीतून चालत शाळेत जात असेल, याचं मला बरं वाटतं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण लेकीला आता कोणतीही संख्या फोडता येईल असा माज आला होता. मी तिला ९१ दिला. “मूळ!” दोनने जात नाही, तीनने नाही, पाचने नाही. मग मी तिला पाढा म्हणायला लावला आणि ‘तेरा साते एक्याण्णव’ला तिची जीभ अडखळली. फसवणाऱ्या संख्या नेहमी अशाच पाढ्यांत बसलेल्या असतात जे आपण घाईघाईत उरकतो. सतरा त्रिक एक्कावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. ग्रोथेंडिक नावाच्या थोर गणितीला कोणीतरी एकदा उदाहरणादाखल एखादी मूळ संख्या घ्यायला सांगितली, तर तो म्हणाला सत्तावन्न, असं सांगतात. आता विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितींपैकी एकाची चूक काढायची आपली काय प्राज्ञा, पण ‘एकोणीस त्रिक सत्तावन्न’ हे कोणत्याही झेडपी शाळेतल्या पोराने झोपेत सांगितलं असतं.

पाढे मात्र तीसला संपतात. पुढे काय? ८६३३ फोडा म्हटलं तर दोन, तीन, पाच, सात करत चोविसाव्या मूळ संख्येपर्यंत, एकोणनव्वदपर्यंत, भागत बसावं लागतं. कर्जखात्यातल्या मित्राने दुसरी वाट दाखवली आणि ती आपल्याकडचीच आहे. नारायण पंडिताने १३५६ मध्ये गणितकौमुदी लिहिली, त्यात अवयव पाडण्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. युक्ती अशी, की संख्येत एखादा असा वर्ग मिळवायचा की बेरीजही वर्ग व्हावी. ८६३३ मध्ये एक मिळवा, नाही. चार, नाही. नऊ, नाही. सोळा मिळवा: ८६४९, म्हणजे ९३ चा वर्ग! तर मग ८६३३ म्हणजे (९३ वजा ४) गुणिले (९३ अधिक ४). एकोणनव्वद गुणिले सत्त्याण्णव. भागाकार एकही केला नाही. हीच युक्ती फ्रान्सात फर्माला १६४३ मध्ये सापडली आणि ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

१८७४ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज पंडिताने ८६१६४६०७९९ ही संख्या छापली आणि लिहिलं की कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारातून ही आली हे माझ्याखेरीज कोणाला कधी कळेलसं वाटत नाही. गुणणं सोपं आणि फोडणं अवघड, हा त्याचा मुद्दा अगदी बरोबर होता. भाजणी करायला काय लागतं? पण दळून आणल्यावर त्यातली ज्वारी वेगळी काढून दाखवा. चुकलं ते त्याचं उदाहरण. नारायण पंडिताच्या वाटेने वरच्या जवळच्या वर्गापासून एकेक वर्ग चढत, दर वेळी त्यातून ही संख्या वजा करून वर्ग उरतो का बघत गेलं तर छप्पन्नाव्या पावलाला कुलूप उघडतं: ९२८८० चा वर्ग वजा ३१९९ चा वर्ग. म्हणजे ८९६८१ × ९६०७९. एक दुपार, एक कॅलक्युलेटर, आणि चहा. मी करून बघितलं. चहा दोनदा.

पण जेव्हन्सचा मुद्दा टिकला आणि त्यावर मोठं साम्राज्य उभं राहिलं. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी याच अवघडपणाचं, संगणकावरचे गुप्त संदेश राखणारं कुलूप बनवलं, आरएसए. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार चव्हाट्यावर टांगायचा, आणि त्या दोन मात्र आपल्याजवळ ठेवायच्या. त्याच वर्षी १२९ अंकी एक संख्या त्यांनी कोडं म्हणून जाहीर केली. ती छापली ती पुन्हा मार्टिन गार्डनरनेच. १९९४ मध्ये सुमारे सहाशे लोकांनी सोळाशेच्या आसपास संगणक कामाला लावले तेव्हा ती फुटली. तळाशी दोनच पारंब्या, एक ६४ अंकी, एक ६५ अंकी. आज ६१७ अंकी कुलुपं वापरात आहेत आणि त्या मापाची जाहीर कोड्यातली संख्या अजून कोणी फोडलेली नाही. विचित्र भाग असा की एखादी संख्या मूळ आहे की नाही एवढंच विचारलं तर उत्तर झटपट देता येतं. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये ते पक्कं सिद्ध केलं. ‘मूळ नाही’ असं छातीठोक सांगता येतं, ‘मग अवयव दाखव’ म्हटलं की सगळे गप्प.

लेकीला यातलं किती पोचलं कोण जाणे. तिने विचारलं, “ही सहाशे सतरा अंकांची बाईंना द्यायची का? पद्धतीने करा म्हणावं.”

शाळेसाठी तिने सरळसोट झाड काढलं, दोन, दोन, दोन, तीन, तीन, पाच, आणि बरोबरची खूण घेऊन आली. वहीच्या मागच्या पानांवर मात्र अजून वेडीवाकडी झाडं चालू आहेत. काल तिथे घरातल्यांची जन्मसालं दिसली. अण्णा १९४५: पाच आणि ३८९. मी १९७५: पाच, पाच, ७९. ती २०१४: दोन, एकोणीस, त्रेपन्न. अण्णांच्या आणि माझ्या पाचांना तिने एका रेघेने जोडलं होतं. तिच्या झाडावरून कुठेच रेघ जात नव्हती.

“आपण सहमूळ आहोत,” ती जरा खट्टू होऊन म्हणाली. “तुमच्यात नि माझ्यात कॉमन काहीच नाही.” मग थोड्या वेळाने, “आजी कधीची गं?”

माझी आई ती जन्मायच्या आधीच गेली. फोटोतली आजी एवढीच तिची ओळख.

“बावन्नची. एकोणीसशे बावन्न.”

ती फोडायला बसली. ९७६. ४८८. २४४. १२२. एकसष्ट. पाच दोन, एकाखाली एक, पान संपत आलं तरी खाली उतरत राहिलेली लांबच लांब पारंबी. तिने खालच्या एका दोनापासून रेघ सुरू केली, अण्णांना आणि मला वळसा घातला आणि आपल्या झाडापर्यंत आणली.

“आजीशी एक दोन जुळतोय,” म्हणाली, आणि वही मिटून दप्तरात टाकली.